सुपाशी बोलणारी मोठी आई

आमची मोठी आई सुपाशी बोलायची. वेडबीड काही नव्हतं, उलट घरात सगळ्यांत शहाणी तीच. ती माझी थोरली चुलती. डोणगावच्या आमच्या घरी संध्याकाळी बैठक बसली, म्हणजे माझे आजोबा आबाजी, थोरले काका म्हणजे मोठे बाबा आणि माझे वडील सतरंजीवर टेकले, की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसे आणि तुरीतले खडे वेचता वेचता जे सांगायचं ते सुपाला सांगे. सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. रीत तिने मोडली नाही आणि गप्पही बसली नाही.

एका वर्षी आबाजींनी सगळ्या वावरात सोयाबीनच पेरायचं ठरवलं. दोन्ही मुलं माना डोलवत होती. मोठी आई सुपाला म्हणाली, "सारंच सोयाबीन टाकलं तर घरच्या वरनाले तूर कोठून येईन बाप्पा." तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आबाजींनी सुपारी कातरली, चहा मागवला, बाजारभावावर बोलून झालं. मग उठता उठता ते वडिलांना म्हणाले, "थोडी तूर बी राहू द्या म्हन्तो मी." मोठी आई पुढचा खडा शोधत होती.

मला याचं फार नवल वाटे. या घरात चालतं तरी कोणाचं? एकदा मी तिला विचारलंच, "मोठी आई, तू आबाजीसंग काऊन नाही बोलत? सुपाले काऊन सांगतं?"

ती हसली. "त्याईले तोंडावर सांगितलं तर ते नाही म्हनतीन. अन् चार जनात एकदा नाही म्हटलं, का मोठ्या मानसाले माघारी नाही येता येत. सुपाले कोन नाही म्हनते वं?"

तेव्हापासून मला नादच लागला. बैठकीत कोण किती बोलतं ते सोडून, कोणाचं बोलणं शेवटी कोणाच्या तोंडून बाहेर पडतं ते मी पाहत बसे.

बारावीनंतर बैठकीत माझाच विषय निघाला. मला बुलढाण्याला वसतिगृहात राहून कॉलेज करायचं होतं. घरातली एकही मुलगी तोवर बाहेर राहिली नव्हती, आणि मेहकरकडचं एक स्थळ आबाजींच्या मनात भरलं होतं. वडील सतरंजीच्या दशा ओढत बसले. मोठी आई सुपाला म्हणाली, "बुलढान्याले पोरीईचं होस्टेल चांगलं आहे म्हन्तेत. पोरगी हुशार आहे. तीन वर्षं तर हा हा म्हनता जातीन."

नेहमीप्रमाणे आम्ही थांबलो. पण इतक्या वर्षांत आबाजींनाही बरंच उमगलं असावं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सुपाकडेच पाहून ते म्हणाले, "त्या सुपाले सांगा, आमच्या घरच्या पोरी बाहेर राह्यत नाहीत."

सुपालाही नाही म्हणता येतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मोठ्या आईने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सतरंजीपाशी, सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामाजी, मी बोलून राह्यली," ती म्हणाली. "पोरीले जाऊ द्या. नाही म्हनाचं असन तर मले म्हना."

आबाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बुलढान्याची गाडी किती वाजता राह्यते?" आणि ते त्यांनी तिलाच विचारलं.

मी गेले, शिकले, बुलढाण्यातच एका कचेरीत लागले. इकडे घरी मात्र गंमत झाली. आबाजी आता सुनेला सरळ विचारत आणि सरळ नाहीही म्हणत. "पह्यले माह्यं सारं गपचिप चालत होतं," मोठी आई मला म्हणाली. "आता भांडा लागते." ती हसत होती, मला मात्र रडू आलं. तिचं सगळं वजन त्या सुपात होतं, आणि ते तिने माझ्यासाठी एका दमात खर्चून टाकलं होतं.

आबाजी गेले. मोठी आई थकली. घरात आता काही ठरवायचं झालं की आधी मला फोन येतो. गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून मी बॅग भरत होते, तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, "पोरगी आजून दोन दिवस राह्यली असती तर बरं झालं असतं."

मी वळून पाहिलं. ती सुपाकडे पाहत होती.

म्हणजे जिला तोंडावर विचारायचं नसतं, ती आता मी झाले होते. मला फार वाईट वाटलं. मी तिच्यासमोर बसले, सूप बाजूला सरकवलं. "मोठी आई, मले सांग नं."

"अन् नाही म्हनशीन तर?"

"तर तू भांड."

तिने सुपावरची नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "राह्य माय दोन दिवस."

मी साहेबांना फोन करून रजा वाढवून घेतली. शिमग्याच्या आधीच ती गेली. ते दोन दिवस मात्र माझ्यापाशी आहेत.