साईबरोबर घ्यायची गोळी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो होतो, फुलंब्रीजवळच्या वस्तीवर. वडिलांच्या शेळ्या होत्या आणि त्या साली एक पांढरं करडू इतकं गोड होतं, की ह्यांनी सगळी सुट्टी ते मांडीवर घेऊनच काढली. ह्यांच्या हातून मी घ्यायची, माझ्या हातून हे.

घरी परतलो आणि थोड्याच दिवसांत ह्यांच्या दंडावर लाल कडं उठलं. मग माझ्या मानेवर, मग पोटावर, पाठीवर. गजकर्ण. खाजेनं जीव जायचा, पण हसूही तितकंच यायचं. हे चिकलठाण्याच्या कारखान्यातून आले की आम्ही आधी एकमेकांच्या अंगावरची नवी कडी शोधायचो. बाहेरच्या खोलीत सासूबाई असायच्या, त्यामुळे तोंडात पदर कोंबून हसावं लागायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी आंघोळीला कडुलिंबाचा पाला दिला, मलम आणलं. कडी वाढतच गेली. शेवटी त्याच आम्हाला पुढं घालून शहागंजातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी सांगितलं की ही बुरशी आहे, करडाच्या अंगावरून आलेली, आणि आता मलमानं भागायचं नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतील. ही गोळी बुरशीला मारत नाही, तिची वाढ अडवते. खालून जी नवी कातडी तयार होते तिच्यात औषध मुरून बसतं, मग तिथं बुरशीला शिरकाव नसतो. जुनी कातडी झडते, तिच्याबरोबर बुरशीही जाते. म्हणून खाज थांबली तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. शिवाय ती पाण्यात नीट विरघळत नाही. साय, लोणी, रबडी असं काही स्निग्ध पोटात असलं तरच अंगात उतरते.

आत्याबाईंच्या घरात भाजीवर तेलाचा तवंग दिसला तरी बोलणी बसायची. औषधाला पथ्य असतं हे ठाऊक होतं, लाड असतात हे आजच कळलं, असं त्या म्हणाल्या.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. संपल्यावरही सहा महिने नाही."

"हिचं समजलं," आत्याबाई म्हणाल्या. "पर त्याचा काय संबंध?"

"सहा महिने त्यांच्यासाठीच सांगतेय. औषधाचा परिणाम दोघांकडूनही होऊ शकतो."

गोड बातमी कधी, हे आत्याबाई लग्नाच्या हळदीपासून विचारत होत्या. आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. ह्यांचा पाय माझ्या पायाला लागला आणि मी वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथंच फिसकन हसले असते. नुकती कुठं आमची ओळख होत होती, आणि आम्हाला चक्क चिठ्ठीवर सवड मिळाली होती.

मग रोज जेवण झालं की आम्ही औषध घ्यायला म्हणून बाहेर पडायचो. कोपऱ्यावरच्या डेअरीत कढईतलं दूध मिळायचं, वर बोटभर साय. एकमेकांच्या तळहातावर गोळी ठेवायची, घोट घ्यायचा आणि लांबच्या रस्त्यानं घरी यायचं. सिनेमे, शाळा, भुतं, काय काय बोलायचो. अशी मजा मी आयुष्यात केली नव्हती.

एके दिवशी आत्याबाईंनी मला हाक मारली. पाठीला काय चावलंय बघ म्हणाल्या. बघते तर वाटीएवढं कडं, आणि शेजारी दोन बारकी.

मी सांगितलं तसा त्यांनी पाठीवर पदर ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मलाबी साय खावी लागंल व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं निघालो. सायीची मिशी पुसत त्या म्हणायच्या, लई गुणाचं औषध हाय. येताना त्यांनाही लांबचा रस्ता हवा असायचा, आणि माहेरच्या गोष्टी सांगताना त्या आमच्याहून जास्त हसायच्या.

कडी हळूहळू फिकट पडत गेली. अशात एका संध्याकाळी शेजारच्या मावशींनी आम्हाला वाटेत अडवून विचारलं, सुनेकडं काही गोड बातमी आहे का.

"नाय," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरात समदे गोळ्या खात्यात. सध्या कुनालाच व्हायचं नाय. मलाबी नाय."

मावशी बघतच राहिल्या. हे दिव्याच्या खांबाला धरून वाकले, मी रस्त्यातच खाली बसले, आणि आत्याबाई आमच्याकडं बघून इतक्या हसल्या की त्यांना घरी धरून न्यावं लागलं.