नऊ नंबरवरची खुर्ची

व्हर्नर टॉलेफसनला जागा कळते, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगायचं. लुंडच्या कुरणात सुट्टीला राहायचा ट्रेलर लावायचा असला की लोक आधी व्हर्नरला विचारत. लुंड मरून चाळीस वर्षं झाली. नदीच्या वळणातलं त्याचं ते कुरण गावानं घेतलं, हापसा बसवला, संडास बांधले, मुक्कामाच्या वीस जागा आखून त्यांना नंबर दिले, तरी नाव लुंडचंच राहिलं. नवखा माणूस येतो तो थेट पाण्याला चिकटून जागा धरतो. संध्याकाळी वारा पडला की वाळुंजाच्या झुडपांतून डास उठतात आणि सकाळी हा सुजलेलं तोंड घेऊन शेजाऱ्याकडे मलम मागत फिरतो. व्हर्नर पाण्याकडे बघायचाच नाही. तो आधी गवत बघायचा, कुठं पाणी साठून पिवळं पडलंय ते. मग झाड बघायचा, पश्चिमेला आहे का आणि वरच्या फांद्या वाळलेल्या नाहीत ना. "पाठ वायव्येला, तोंड नदीला, हापसा हाताशी आणि संडास देवाच्या भरवशावर," असं तो सांगायचा, आणि त्याच विनोदाला आम्ही दरवर्षी हसायचो.

त्याच्या शब्दाला हे वजन धान्याच्या कोठारामुळे आलं होतं. एकतीस वर्षं तो गावच्या कोठारावर होता. गव्हाचा ट्रक आला की तो मूठभर दाणे घ्यायचा, वास घ्यायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि प्रत सांगायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. शेतकरी काट्याकडे बघतसुद्धा नसत, बाहेर कॉफी पीत उभे राहत. व्हर्नरनं सांगितलं म्हणजे झालं. आपल्या अंगी याहून चांगलं काही नाही हे त्यालाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं जास्तच ठाऊक होतं.

लुंडच्या कुरणात जागा धरायची रीत अगदी साधी. जुलैच्या लांब सुट्टीआधी बुधवारी यायचं, हव्या त्या जागेवर घडीची खुर्ची ठेवायची आणि घरी जायचं. शुक्रवारी ट्रेलर घेऊन परत यायचं. खुर्ची आहे म्हणजे माणूस आहे. एका वर्षी थोरल्या ओल्सेननं मे महिन्यात खुर्ची ठेवली आणि जूनमध्ये तो वारला. ती खुर्ची सप्टेंबरपर्यंत तिथंच होती आणि ती जागा रिकामी राहिली. कुणी म्हणालं नाही की हलवू नका. म्हणायची गरजच नव्हती.

त्या वर्षी व्हर्नरची मुलगी ब्रेंडा येणार होती. कॅल्गरीहून, नवरा आणि दोन मुलींना घेऊन, सहा वर्षांनी. सहा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा सगळ्यांना उशीर झाला आणि उरलेली एकच जागा मिळाली, चौदा नंबर. चौदा म्हणजे सखल, डासांचं माहेर, आणि बाजूला संडास. जावई तोंडानं काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना कॅल्गरीत काहीतरी काम निघालं. त्यानंतर ते नाताळला येत आणि शहरातल्या हॉटेलात उतरत. जागा कळणाऱ्या माणसाच्या लेकीनं हॉटेलात उतरावं, हे व्हर्नरला फार लागलं होतं.

"बाबा, जागा चांगली असेल तरच हं," ब्रेंडा फोनवर हसून म्हणाली.

"नऊ नंबर," व्हर्नर म्हणाला. "आणखी काही विचारू नकोस."

नऊ म्हणजे लुंडच्या कुरणातला राजा. थोडी उंचावर, सपाट, पश्चिमेला भलंमोठं कॉटनवुडचं झाड, नदीवरून येणारा वारा डासांना टिकू देत नाही. बुधवारी व्हर्नर नेहमी सातलाच निघतो. त्या दिवशी नेमकं पिकअपचं चाक बसलं. पोचायला दहा वाजले आणि नऊवर खुर्ची होती. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, जुनी, गवताचे भारे बांधतात त्या नारिंगी दोरीनं कॉटनवुडच्या मुळाला बांधलेली. बाकीच्या जागाही भरलेल्या. मोकळी होती ती फक्त चौदा.

खुर्ची कुणाची ते ठाऊक नव्हतं, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. पण ती ओळखीची वाटली होती, हे मी सांगून टाकतो.

तो घरी गेला. गुरुवारी सकाळी ट्रेलर जोडून परत आला. कुरणात चिटपाखरू नव्हतं. कुणीतरी विसरून गेलं असेल, तो मनाशी म्हणाला. मागच्या आठवड्यातली असेल. मन एकदा वाकड्या वाटेला लागलं की त्याला सबबी शोधाव्या लागत नाहीत, त्या आपोआप चालत येतात. त्यानं चाकू काढला, दोरी कापली आणि खुर्ची उचलून चौदावर नेऊन ठेवली. नदीकडे तोंड करून, नीट, चारही पाय सपाट जमिनीवर येतील अशी. दोरीचा तुकडा जमिनीवर टाकायचा नाही म्हणून खिशात घातला. कचरा करण्याची त्याला लाज वाटायची.

दुपारी त्याची बायको मार्लिस सामान घेऊन आली. "नऊ मिळाली? वा रे वा! कुणाची खुर्ची नव्हती?"

"नव्हती," व्हर्नर म्हणाला.

शुक्रवारी दोनला ब्रेंडा आली. मुली पळत नदीवर गेल्या. जावयानं झाडाखाली पाय पसरले आणि म्हणाला, "मामा, मानलं तुम्हाला." व्हर्नरला गोड लागलं. चार वाजता नेस्टर हावरिलकचा जुना पिकअप ट्रेलर ओढत खडखडत आला आणि नऊसमोर थांबला.

नेस्टर एकोणऐंशीचा. अकरा मैलांवर त्याची शेती, तिथं तो आणि त्याची बायको पॉली, दोघंच. तो खाली उतरला, व्हर्नरच्या ट्रेलरकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, परत ट्रेलरकडे बघितलं.

"अरे व्हर्नर, तू इथं? नऊवर तर मी..." तो गाडीकडे वळला. "पॉली, मी खुर्ची नऊवर ठेवली होती ना गं?"

"मला काय विचारतोस? ठेवायला तू एकटाच आला होतास," पॉली खिडकीतून म्हणाली. मग तिनं बोट दाखवलं. "ती बघ तुझी खुर्ची. चौदावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

आजूबाजूचे हसले. नेस्टरही हसला. मग त्याचं हसू हळूहळू विरलं आणि तो चौदाकडे बघत नुसता उभा राहिला. त्यानं टोपी काढली आणि व्हर्नरजवळ आला.

"माफ कर रे. उगाच तुझ्या दारात येऊन भांडल्यासारखं केलं. बुधवारी सकाळी झाडाला बांधल्याचं मला चांगलं आठवतंय. म्हणजे, आठवतंय असं वाटतं."

बोलायची वेळ हीच होती. जावई बघत होता, मार्लिस बघत होती.

"होतं असं कधी कधी," व्हर्नर म्हणाला.

खुर्ची हलवणं हे एक पाप. पण हे चार शब्द त्याहून वाईट होते, आणि तोंडातून बाहेर पडताक्षणी ते त्याला कळलं. तो पाण्याची बादली घेऊन हापशावर गेला. बादली भरलेलीच होती.

लुंडच्या कुरणात संडासाला जायचं तर चौदावरूनच जावं लागतं. शनिवारी व्हर्नरनं दिवसभर दम धरला. संध्याकाळी नाइलाज झाला, तेव्हा खाली मान घालून निघाला. नेस्टरचा मुलगा टेरी आला होता. बाकावर पेरोगींचं, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं तसंच पडलेलं, कुणी फारसं खाल्लेलं नव्हतं.

"तातो, रागावू नका," टेरी बापाला म्हणत होता. "हिवाळ्यात शेगडी चालू राहिली. आता ही खुर्ची. उद्या रस्ता विसरलात म्हणजे? शेजारी आईला घेऊन?"

"शेगडी मी चालू ठेवली होती, त्यानं नाही," पॉली म्हणाली.

"पण खुर्ची ह्यांनीच ठेवली ना?"

साठी बुद्धी नाठी, मी तर ऐंशीला टेकलो, असं काहीसं नेस्टर पुटपुटला. मग त्यानं खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि बाकावर पातेल्याशेजारी ठेवली. टेरीनं ती उचलली. तेव्हा नेस्टरचं लक्ष वाटेवर थांबलेल्या व्हर्नरकडे गेलं.

"डास फार आहेत रे इथं," तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून.

"फार आहेत," व्हर्नर म्हणाला आणि पुढं गेला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या वीस पावलांत समजलं. अकरा मैलांवर राहणाऱ्या माणसाकडून किल्ली घेतली म्हणजे काय घेतलं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी मार्लिस पॅनकेकचं पीठ कालवत असताना तो उठला आणि चौदावर गेला. नेस्टर त्या हिरव्या खुर्चीवर बसून मानेवरचे डास मारत होता. पॉली कॉफी करत होती.

"नेस्टर, खुर्ची मी हलवली," व्हर्नर उभ्याउभ्याच म्हणाला. "तुम्ही नऊवरच ठेवली होती. गुरुवारी सकाळी मी ती उचलून इथं आणली."

नेस्टरनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग त्याचे डोळे भरून आले.

"व्हर्नर, तू फार चांगला माणूस आहेस रे," तो म्हणाला. "तीस वर्षं माझा गहू तू मोजलास. एक दाणा इकडचा तिकडं नाही केलास. आणि तू माझी खुर्ची उचलणार? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस. पण नको बाबा. डोकं गेलं ते गेलं. आपलं आपल्याला कळलेलं बरं."

"ऐकलंस का टेरी?" पॉली ट्रेलरकडे तोंड करून म्हणाली. "अशी माणसं आहेत अजून."

आणि व्हर्नरला हलकं वाटलं. हे सांगायला मला जड जातंय, पण त्याला खरोखर हलकं वाटलं. बोलून झालं होतं. देवापुढं हात मोकळे झाले होते, आणि नावही जिथल्या तिथं शाबूत होतं. तो दोन पावलं मागं वळलासुद्धा. मग सवयीनं हात खिशात गेला आणि बोटांना दोरी लागली.

तो शूर होता असं मी म्हणणार नाही. तो इतका वेळ तिथं उभा राहिला की पॉलीनं विचारलं, "कॉफी घेतोस का?" ती दोरी नदीत टाकायला त्याला कुणी अडवलं नसतं.

त्यानं तो नारिंगी तुकडा नेस्टरपुढं धरला.

नेस्टरनं तो घेतला, उलटला, डोळ्यांजवळ नेला. एका टोकाला चाकूचा सरळ काप, दुसऱ्या टोकाला दुहेरी पिळाची गाठ. तशी गाठ आता कुणी मारत नाही. पेंढ्या बांधताना त्याच्या बापानं शिकवलेली.

"ही माझी गाठ," नेस्टर म्हणाला.

"हो."

व्हर्नर मान खाली घालून शिवीची वाट बघत होता. एखादी थप्पडही चालली असती. पण नेस्टर खुर्चीतून ताडकन उठला.

"पॉली! अगं पॉली! नऊवरच ठेवली होती मी! झाडाला बांधली होती! टेरी, ऊठ! माझं डोकं शाबूत आहे रे!"

आणि तो निघाला. दोरी उंच धरून आधी बारावर गेला. "बघा, ही माझी गाठ! व्हर्नरनं कापली! खुर्ची व्हर्नरनं उचलली!" मग अकरावर, मग सातवर. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, निव्वळ आनंद होता. परीक्षेचा निकाल सांगत फिरावं तसा तो सगळ्या कुरणाला सांगत फिरला. प्रत्येक जागेवरचे लोक आधी दोरीकडे बघत, मग मान वळवून व्हर्नरकडे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्यासारखी सकाळ होती, पण लुंडची जमीन पक्की आहे.

शेवटी नेस्टर नऊवर पोचला. ब्रेंडा मुलींना पॅनकेक वाढत होती.

"तुझ्या बाबांनी उचलली गं माझी खुर्ची!" नेस्टरनं तिला आनंदानं सांगितलं. "मी विसरलो नव्हतो!"

ब्रेंडा आधी हसली. मग तिनं आईकडे बघितलं. मार्लिसनं हातातलं उलथनं खाली ठेवलं होतं.

"तू म्हणालास, नव्हती," मार्लिस नवऱ्याला म्हणाली.

व्हर्नर म्हणाला, आत्ता हलवतो, आत्ताच्या आत्ता ट्रेलर काढतो. नेस्टर म्हणाला, "आता कशाला? लेकरं खातायत, खाऊ दे." जावई आपल्या ताटात बघत राहिला. ब्रेंडा बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आम्हाला चौदा चाललं असतं."

सोमवारी नेस्टरनं पिकअप स्वतः चालवत नेला. टेरी शेजारच्या सीटवर बसला होता. प्रत्येक जागेसमोर नेस्टरनं भोंगा वाजवला, नऊसमोर दोनदा.

पुढच्या वर्षी बुधवारी व्हर्नर सातलाच कुरणात पोचला. लोकांनी खुर्च्या ठेवल्या होत्या. पण कुणी झाडाला साखळी घातली होती, कुणी कुलूप लावलं होतं, कुणी पाठीवर रंगानं नाव लिहिलं होतं. ओल्सेनची खुर्ची चार महिने नुसती उभी होती त्या कुरणात. नऊवर हिरवी-पांढरी खुर्ची होती. तिला साखळी नव्हती, नाव नव्हतं, दोरीसुद्धा नव्हती. नेस्टरनं ती नुसतीच ठेवली होती, पूर्वी ठेवायचे तशी.

व्हर्नर तिच्यापासून दहा पावलांवर थांबला. जवळ गेलं तर कुणी बघेल, असं त्याला वाटलं. मग लांबून वळसा घालून तो चौदावर गेला आणि आपली खुर्ची तिथं ठेवली.