मामीचा ट्रक

दुकानात कुठलीही वस्तू हातात आली की आमची मामी आधी म्हणायची, "चालवून दाखव." छत्री ती तिथेच चार वेळा उघडायची, टॉर्चमध्ये सेल घालायला लावायची. वस्तू नवी की जुनी याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मामाच्या माघारी बदलापूरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, चकल्या-पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची आणि घरात बंद पडलेली एकही वस्तू तिला खपायची नाही.

तिचा मुलगा निखिल पोलंडला एका गोदामात कामाला होता. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. मग दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. एकदा बोलायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने सांगितलं की सुट्टीत तो कॉम्प्युटरवर युरोपातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्याचा गेम खेळतो. जगभरातली माणसं एकाच रस्त्यावर आपापल्या गाड्या घेऊन येतात. मामीने विचारलं, "मग मला येता येईल का?"

निखिलचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरात पडून होता. मी मामीच्याच गल्लीत राहायचो, तेव्हा त्यावर गेम मीच टाकला. पुढचं चित्र यायला इतका वेळ लागायचा, की तोवर ट्रक कठड्यावर चढलेला असायचा. निखिल पैसे पाठवतो म्हणाला, तर मामी नको म्हणाली. मला म्हणाली, "त्याने तिकीट काढलं तर मी पाहुणी. मला माझी माझी जायचंय." नवा घेण्याची ऐपत नव्हती. मग जुन्यातच जीव ओतायचं ठरलं. रॅम वाढवायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आणि चित्र भरभर उमटावं म्हणून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, तेही त्याच्या जुन्या पॉवर सप्लायला झेपेल एवढंच.

गणपतीच्या ऑर्डरी आटोपल्यावर कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आम्ही रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. मशिन उघडून म्हणाला, "माँजी, ये तो भंगार में दे दो." मामी शांतपणे म्हणाली, "भंगारवाला तो हमारे बदलापूर में भी है. तुम कार्ड लगाओ." त्याने लावलं. स्क्रीन उजळली, तसा तो सामान बांधायला लागला. मामीने स्टूल ओढलं आणि गेम चालूच ठेवायला सांगितला. "गॅस पे दूध रखते ना, वैसे बैठने का," ती त्याला म्हणाली. थोड्या वेळाने स्क्रीनवर रंगीत पट्टे उमटले. दुकानदार वायरी हलवू लागला. मामीने फक्त काचेच्या कपाटातल्या दुसऱ्या कार्डाकडे बोट दाखवलं. ते टिकलं. तोवर दुकानदाराने आमच्यासाठी चहा मागवला होता, आणि निघताना मशिनमधला पंखाही त्याने आपणहून साफ करून दिला. परतताना अंबरनाथला शिवमंदिराच्या दिशेने मामीने एका हाताने नमस्कार केला. दुसरा हात कॉम्प्युटरवरून काढला नाही.

पुढच्या रविवारी तिचा लाल ट्रक निखिलच्या ट्रकमागे निघाला. चित्र कुठेच अडखळत नव्हतं. सुरुवातीला तो फोनच्या स्पीकरवरून शिकवत होता, आई इंडिकेटर दे, आई वळणावर हळू. मग बराच वेळ नुसता रस्ता. दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, आणि त्या सरळ रस्त्यावर तो एकदम म्हणाला, "आई, मला इथे अजिबात करमत नाही गं."

इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. मी मागे खुर्चीत अवघडलो. मामीने ट्रक थांबवला नाही.

"बोल," ती म्हणाली. "रस्ता लांब आहे."

तो बोलत राहिला. एकटेपणाचं, तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्याचं, परत आलो तर लोक काय म्हणतील या भीतीचं. मुक्कामाला पोचल्यावर मामीने डोळे पुसले आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

असे कितीतरी रविवार गेले. मग निखिलने पुण्यात नोकरी शोधली आणि तो कायमचा परत आला. मामीलाही पुण्याला न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो आमच्या अरुंद गल्लीत अडकला. दोन्ही बाजूंना मोटरसायकली, मागे विजेचा खांब. ड्रायव्हर घामाघूम झाला. त्याच्या शेजारी बसलेली मामी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगू लागली, "येऊ दे... आता डावीकडे काप... अजून येऊ दे... बस." टेम्पो कुठेही न घासता रस्त्याला लागला.

ड्रायव्हरने तिच्याकडे वळून बघितलं. "मावशी, गाडी चालवता काय?"

"हो," मामी पदर खोचत म्हणाली, "पोलंडपासून स्पेनपर्यंत. चला."