फय्याजच्या एसीच्या खोल्या

शेलूबाजारात चांगली गादी कोण भरतो असं विचारलं, की फय्याजचं नाव निघायचं. मी शेजारचा चपलांचा दुकानदार. त्याचा हात मला आवडतो, पण त्याचा शहाणपणा मला सोसत नाही.

गेल्या माघात हायवेवर कोणाची तरी मोटार बिघडली. ते कुटुंब फय्याजकडे मुक्कामाला राहिलं आणि जाताना पंधराशे रुपये देऊन गेलं. फय्याजने लगेच पंधराशेला तिसाने गुणलं. घी देखा, बडगा नहीं देखा! दोन खोल्या रिकाम्या करून एसी बसवला. त्याची मुलगी नाजिश हिने खोल्या भाड्याने लावणाऱ्या एका कंपनीच्या मोबाइल-ॲपवर फोटो टाकले. दोन महिने खोल्या खरंच भरल्या आणि फय्याजने गाद्यांची कामं परत पाठवायला सुरुवात केली. कापूस पिंजायची मशीन कारंज्याच्या व्यापाऱ्याला द्यायचं तोंडी ठरवलं.

"पाऊस तं जाऊ द्या," त्याची बायको कौसर म्हणाली. "पाहुना का बारा मईने येते?"

"मशीन ठेवून काय लोनचं घालू?"

मग लग्नसराई आली. मोबाइलवर एका आठवड्याची आगाऊ मागणी होती. नेमकं तेव्हाच मेडशीहून त्याच्या आईच्या, अमीनाबीच्या, माहेरची अठरा माणसं इथल्या लग्नाला आली आणि थेट एसीत शिरली. मामूला बाहेर काढायची छाती फय्याजला झाली नाही. पैसे देणारे पाहुणे त्याने स्वतःच रद्द केले. मोबाइलवाल्या कंपनीने त्याचं नाव पार तळाला ढकललं. पाऊस लागला आणि फोन मुका झाला. एसीचे हप्ते मात्र सुरूच होते. मला आधी हसू आलं, नंतर खरंच वाईट वाटलं. आता मशीनही गेली, तर या घराकडे दुसरं काहीच उरणार नव्हतं.

श्रावणात व्यापारी टेम्पो घेऊन आला. मशीन असायची ती मागची शेड रिकामी! शेड गळते म्हणून कौसरने मशीन एसीच्या खोलीत नेली होती आणि कामही घेतलं होतं, वाशीमच्या एका वसतिगृहाच्या चाळीस गाद्यांचं. मशीन ढकलायला कोणाचा हात लागला ते विचारू नका. माझी कंबर अजून दुखते.

फय्याज दारात उभा राहिला. खोलीभर कापूस उडत होता. तेवढ्यात नाजिश धावत आली.

"अब्बा, बुकिंग! दोन दिवसांचं!"

दीड महिन्यातलं पहिलंच. व्यापारी, कौसर, मी, सगळे त्याच्याकडे बघत होतो.

"मशीन काढू का बाहेर?" कौसरने विचारलं.

फय्याजने भुवईवरचा कापूस पुसला.

"नाजिश, त्याहिले लिव, खोली खाली नाई." मग व्यापाऱ्याकडे वळला. "शेठ, माफ करा. च्या घेऊन जा."

"अन् तुमी, मानिकराव," तो मला म्हणाला, "उभे काहून? खोळ धरा."