मंडईतली पोपटी साडी

"हरवला नाई भाऊ, आड गेला असन. थांबा." वर्गातून पोरगा गायब असो की टेबलावरून चष्मा, सर हात वर करून एवढंच म्हणत. चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघे प्राध्यापक एकाच खोलीत बसायचो. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांच्या पीएच.डी.चा विषयही तोच. व्हिडिओतल्या गर्दीत एक माणूस धरायचा आणि तो कशाच्याही आड गेला तरी सोडायचा नाही. संगणक पडद्यावर अंदाजाचे ढीगभर ठिपके टाकायचा. माणूस जुळेल तिथले ठिपके वाढायचे, बाकीचे मरायचे.

नमुन्यासाठी सरांनी बायकोला, म्हणजे वहिनींनाच धरलं. कुरखेड्याकडे वहिनींच्या माहेरी भाऊबीजेनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा. तिथे त्यांनी कॅमेरा लावला. वहिनींची साडी पोपटी, लांबून ओळखू येणारी. पण रुसवेफुगवे नकोत म्हणून भावाने तिन्ही बहिणींना एकसारखीच साडी घेतलेली! वहिनी फुगेवाल्याच्या आड गेल्या आणि सगळे ठिपके सरांच्या धाकट्या साळीमागे, म्हणजे मेहुणीमागे धावले.

"पाहा भाऊ, यायची मशीनबी साळीच्या मागं!" वहिनी मला म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. परीक्षकांनी काम एकदा परत पाठवलं होतं. आता जमलं नाही तर सारं सोडून द्यायचं, असं ते ठरवून बसले होते.

मग त्यांनी ठिपक्यांना पाखरांच्या थव्याची रीत शिकवली. एकाला दाणे दिसले की बाकीचे तिकडे वळतात, तसं बरं जुळलेल्या ठिपक्याकडे इतरांनी सरकायचं. काही मात्र मुद्दाम लांब फिरत ठेवायचे. आणि जुळवायचं ते नुसत्या रंगावर नाही, चालीवरही. त्यापायी गडी महिनाभर घरात वहिनींची चाल पाहत बसला.

"लग्नाले इतके वर्स झाले, आता पाह्यलं माह्याकडं," वहिनी म्हणाल्या. लाजल्या मात्र.

परीक्षकांसमोर पडद्यावर वहिनी पुन्हा फुगेवाल्याच्या आड गेल्या. ठिपके पांगले, साळीपाशी घुटमळले, आणि वहिनी पलीकडून निघताच त्यांच्यावर गोळा झाले. सरांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली.

काही वर्षांनी सर अचानक गेले. मला ते फार लागलं. त्यांच्या टेबलातली मंडईच्या व्हिडिओची सीडी मी वहिनींकडे नेली आणि टीव्हीवर लावली. कॉलेजच्या संगणकांना स्पीकर नव्हते, त्यामुळे तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मंडईचा गलका, आणि कॅमेऱ्यामागून सर, स्वतःशीच: "आड गेली... येईन ती, येईन... आली!"

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या.

मी लावली. या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.