जाड जाड कंद

अक्काला फसवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, असं अख्खं धुलाईघर मानायचं. रुग्णालयाच्या त्या धुलाईघरात तिने उभी हयात चादरींवर इस्त्री फिरवली. एखादी ओलसर चादर घड्यांच्या मधे दडवून कुणी पुढे सरकवलीच, तर ती नुसत्या वासावरून ओळखायची आणि सरकवणाऱ्याची अशी बिनपाण्याने करायची की तो आठवडाभर तोंड चुकवत फिरे.

अशा बाईला तिच्या पाठच्या बहिणीने फसवलं, आणि तेही तिच्या शेजारी बसून.

आई गेल्यावर घर धाकटीकडे राहिलं. शेवटपर्यंत आईजवळ तीच होती, त्यामुळे अक्काने त्यावर हूं की चूं केलं नाही. तिला हवा होता फक्त मागच्या दारचा डेलिया. आईने तो बियांपासून वाढवलेला, काळपट लाल, पाकळ्यांची टोकं पांढरी. बियांपासून आलेला डेलिया स्वतःच्या मर्जीचा असतो, त्याच्यासारखा दुसरा कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. तोच हवा तर त्याचाच कंद लावावा लागतो.

झाड वाळलं तेव्हा दोघींनी गड्डा खणून काढला, धुतला आणि मागच्या पायरीवर बसल्या. कंद सुटे करायला आईने अक्काला शिकवलं होतं आणि अक्काने धाकटीला. कंद कितीही गुबगुबीत असो, त्याच्या मानेला जुन्या देठाचा तुकडा हवा आणि त्यावर बारीकसा डोळा हवा. कोंब तिथूनच येतो. त्याच्याखाली सुरी लागली की तो कंद आंधळा. पण इस्त्री धरून धरून अक्काचा अंगठा कामातून गेला होता.

"तू काप गं," ती म्हणाली.

धाकटीने कापलं, कापल्या जागी चांगली जाड राख चोळली आणि सगळ्यांत मोठे कंद निवडून अक्काच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवले. "जाडजूड तुला. मी आपली बारक्यांवर भागवीन."

अक्काला भरून आलं. बहीण असावी तर अशी, असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली. "मला वाटलं बांगड्या दिल्या," शेजारीण म्हणाली.

लावायचे दिवस आले तसे अक्काने गच्चीत कुंड्या भरल्या आणि वाट बघायला लागली. इतरांच्या कुंड्या हिरव्या झाल्या, हिच्यात नुसती माती. तिने कुंड्या उन्हात नेल्या, परत सावलीत आणल्या. धाकटी फोनवर विचारायची, "आला का गं कोंब? पाणी जास्त घालत असशील तू." अक्का बिचारी आपल्याच हाताला बोल लावत राहिली.

शेवटी तिने एक कंद उकरला. कुजला असेल अशी तिची खात्री होती. पण तो कडक होता, पांढरी मुळंसुद्धा धरली होती. तिने नळाखाली राख चोळून काढली. काप सरळ, गुळगुळीत, मानेच्या बरोबर खाली. एखादा असता तर हात सरकला म्हणता आलं असतं. तिने सगळे उकरले, सगळे तसेच निघाले. संतापाने तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचा आणखी संताप आला. त्यातला एक तिने पुन्हा मातीत ठेवला.

फुलांच्या दिवसांत धाकटी काळपट लाल फुलांचा गुच्छ घेऊन दारात आली. "तुझ्याकडे नाही ना लागला, म्हणून आणली."

अक्काने तिला आत घेतलं, गच्चीतल्या कुंडीतून कंद काढून आणला आणि तिच्या हातात दिला. "बघ. अजून जिवंत आहे."

धाकटीचा अंगठा थेट कापावर गेला. "सगळे म्हणायचे, थोरली अगदी आईवर गेलीय. एवढं एक तरी माझ्या एकटीचं असावं, असं वाटलं मला."

"मग मागायचंस. अख्खा गड्डा दिला असता."

"तुझ्याकडून घ्यायचं नव्हतं."

"आणि कापायला कुणाकडून शिकलीस?"

अक्काने फुलं परत तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.