कंधारच्या तोफेवर आमची वाकळ

आमच्या घरातली पहिली सहल साबण, ब्रश आणि तीन गाठोड्यांसह पार पडली.

लातूर जिल्हा तेव्हा अगदी नवा होता. बाबांची बदली कलेक्टर ऑफिसात झाली होती आणि त्यांच्या टेबलाचा रंगसुद्धा अजून ओला होता. गावात ओलं तेवढंच! बाकी सगळा दुष्काळ. नळाला पाणी कधी येईल हे आमच्या गल्लीतल्या ज्योतिषालाही सांगता येत नव्हतं (तो स्वतःच घागर घेऊन रांगेत असायचा). आई पाणी वाटायची ते आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, आणि धुण्याला 'बघू'. त्या 'बघू'त माझा पांढरा युनिफॉर्म अडकला होता. एकुलता एक, स्कर्टच्या तुटलेल्या हुकाच्या जागी आईची सेफ्टी पिन लावलेला! मिस म्हणाल्या होत्या, "सोमवारी पुन्हा असाच मळका घालून आलीस, तर प्रेयरला स्टेजवर उभी करीन." स्टेजवर! हजेरीला 'प्रेझेंट'ऐवजी नुसता हात वर करणारी मुलगी मी.

अशात बाबांनी जाहीर केलं, "रविवारी कंधारचा किल्ला. मन्याड नदीच्या काठी आहे. पोरीनं इतिहास बघितला पाहिजे."

आईनं त्यातलं फक्त 'नदी' ऐकलं. "मंग धुणं घेऊ."

"अगं, सहल आहे ती!"

"मंग? सहलीत हात काय मोकळेच ठेवायचे?"

शेजारच्या काकूंना भिंतीतून ऐकू गेलं असावं. त्या लगेच दारात. "जातच हाव तर आमची एवढी वाकळ न्या की. लई दिवसांची मळून पडलीय." वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. कोरडी असताना ती एका माणसाला पेलते; ओली झाली की सगळं घराणं लागतं.

शनिवारी शाळेत माझ्या बाकावरच्या केतकीनं विचारलं, संडेला काय करणार? केतकी म्हणजे बाबांच्या साहेबांची मुलगी, नुकतीच पुण्याहून आलेली. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात निळ्या नदीकाठी एक कॅसल होता आणि पाण्यात हंस. माझ्या तोंडून त्या वर्षातलं पहिलं पूर्ण वाक्य बाहेर पडलं. "वी आर गोइंग टू अ कॅसल बाय अ रिव्हर." उच्चार इतका छान जमला की मला थांबवेना. "विथ लॉट्स ऑफ वॉटर," मी जोडून दिलं. "कंधारला."

रविवारी एसटीत कंडक्टरनं आमची गाठोडी बघितली. "ताई, सहलीला चाललाव का बिऱ्हाड हलवायलाव?"

"सहलीला!" आई म्हणाली आणि वाकळीचं गाठोडं बाबांच्या मांडीवर ठेवलं. कंधारपर्यंत बाबा दिसले नाहीत.

मन्याड जागेवर होती, पाणी नव्हतं. पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. बाबांनी त्या वाळूकडे हात करून राष्ट्रकूटांपासून सुरुवात केली.

"त्यांच्या टायमाला पाणी होतं का?" आईनं विचारलं.

शेवटी किल्ल्याच्या राखणदाराला आमची दया आली. "तिकडं खंदकात हाय थोडं. सगळं गाव तिथंच धुऊन राहिलंय. पर लवकर आटपा. कवा कवा साहेबलोक येतेत."

मग बाबांनी शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि राष्ट्रकूटांना मध्येच सोडून वाकळ बडवायला घेतली. दुपारपर्यंत बुरुजावरून आईच्या साड्या लोंबत होत्या. एखादा शत्रू आला असता तर किल्ला शरण आला असं समजून आत शिरला असता! वाकळ वाळायला तोफेवर घातली. माझा युनिफॉर्म एका तापलेल्या दगडावर, आणि त्याच्या राखणीला मी.

एवढ्यात धूळ उडवत एक पांढरी अँबॅसिडर आली. आतून केतकी उतरली.

मी वाकळीखाली शिरले. (शूर लोक तोफेमागे लपतात, मी तोफेवर.)

"साहेब!" बाबांचा आवाज. वाकळीच्या कडेखालून दिसलं, ते आणि आई साडीची दोन टोकं धरून पीळ देत होते. बाबांनी नमस्कारासाठी हात जोडले, टोक सुटलं, आणि आई धपकन मातीत बसली.

"अहो," साहेबांच्या मॅडम किंचाळल्या, "ती तोफ हलतेय!"

"वारा आहे, मॅडम," बनियनवरचे बाबा अदबीनं म्हणाले.

मी शिंकले.

"वाऱ्याला सर्दी झालेली दिसतेय," साहेब म्हणाले. तेवढ्यात ओली वाकळ घसरली आणि तिच्यासोबत मीही, थेट केतकीच्या पायांशी.

"हाय!" केतकी म्हणाली. "नदी कुठाय?"

मी खंदकाकडे बोट दाखवलं. मॅडमनी खंदक बघितला, बुरुजावरच्या साड्या बघितल्या, मग ड्रायव्हरला हळूच म्हणाल्या, "काढा." डिकी उघडली. आत बादली आणि चादरीत बांधलेली दोन भलीमोठी गाठोडी!

"केतकी म्हणाली, लॉट्स ऑफ वॉटर," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "बंगल्याची टाकीसुद्धा कोरडी आहे हो."

आई माती झटकत उठली. "या की बाई. ह्यो दगड चांगला हाय, इथं बसा."

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. साहेब चादरीचं एक टोक धरून उभे, दुसरं टोक बाबांकडे, आणि बाबा म्हणतायत, "साहेब, तुमच्याकडून जरा जोरात पिळावं." (ऑफिसात हे वाक्य बोलायची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही.) आमचे धपाटे मॅडमनी संपवले, त्यांची सँडविचेस आईनं 'कच्चीच दिसतेत' म्हणत खाल्ली. केतकी आणि मी तोफेवर बसून पाय हलवत होतो. मग वावटळ आली आणि दोन्ही घरांनी हाताला लागेल तो कपडा हाताला लागेल त्या गाठोड्यात कोंबला.

सोमवारी युनिफॉर्म घातला तर तो इतका पांढराशुभ्र की मी डोळे मिटले. जरा सैल वाटला. प्रेयरच्या रांगेत पुढे केतकी होती. तिच्या स्कर्टला, तुटलेल्या हुकाच्या जागी, माझ्या आईची सेफ्टी पिन.

मिसनी मला हात धरून स्टेजवर नेलंच. "लुक ॲट हर! सो क्लीन! सगळ्यांनी हिच्याकडून शिका!"

शाळेनं टाळ्या वाजवल्या. केतकीनं एका हातानं पिन झाकून, दुसरा मांडीवर आपटून वाजवल्या; ती हसत होती.

"थँक यू, मिस," मी म्हणाले.

त्या वर्षी मी शाळेत एवढंच बोलले. पहिल्यांदा नसलेल्या पाण्याबद्दल, दुसऱ्यांदा माझ्या नसलेल्या युनिफॉर्मबद्दल. उच्चार मात्र दोन्ही वेळा स्वच्छ होते!